अ‍ॅनिमेशन शिकायचंय, तर तुझा शॉट कोण तपासणार ते आधी बघ

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी डोंबिवलीची, बारावी कॉमर्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंटरमीजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड. अ‍ॅनिमेशनमध्ये जायचं तिचं पक्कं आहे. ठाण्यातल्या एका क्लासने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स (सिनेमातले कॉम्प्युटरवर केलेले इफेक्ट) आणि गेमिंग असा एकत्र कोर्स सुचवलाय, फी हप्त्यांनी आणि वर शंभर टक्के प्लेसमेंट. बाबांचं म्हणणं, आधी पदवी घे. घरात एक साधा लॅपटॉप आहे. क्लास लावू, जेजे कला महाविद्यालयाची आणि आयआयटीच्या डिझाइनची परीक्षा देऊ, की घरीच यूट्यूबवर शिकू? आणि इंग्रजी कच्चं असेल तर चालेल का?

मी मुंबईत कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनचं काम करते. नव्या मुलामुलींचे रील, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाचे छोटे व्हिडिओ, बघून कुणाला घ्यायचं ते ठरवण्याचं कामही गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून उत्तर देते.

आधी मुद्द्याचं. आज सॉफ्टवेअर फुकट मिळतं, धडेही फुकट मिळतात. मिळत नाही तो माणूस, जो तुझा शॉट फ्रेम-फ्रेम पुढेमागे करून बघेल आणि सांगेल की इथे चुकलंय, असं करून बघ, परवा परत दाखव. आमच्याकडे याला करेक्शन म्हणतात. क्लास असो, कॉलेज असो की पहिली नोकरी असो, तिथे तुला करेक्शन किती मिळणार आणि कुणाकडून मिळणार, हे आधी विचार. फी, इमारत, एसी लॅब हे सगळं त्याच्यानंतर.

करेक्शन म्हणजे नेमकं काय, ते एका शॉटवरून सांगते. नवीन मुलांना मी बहुतेक वेळा हाच शॉट देते. एक माणूस येतो, पाण्याने भरलेली बादली उजव्या हाताने उचलतो आणि दोन पावलं चालतो. पाच-सहा सेकंदांचं काम. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सगळा खेळ दीडशे फ्रेमच्या आत. जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या प्रयत्नात ज्या फ्रेमला हात वर जायला लागतो त्याच फ्रेमला बादलीही वर जायला लागते. बघणाऱ्याला चूक बोट ठेवून दाखवता येत नाही, पण बादली रिकामी वाटते.

आता घरातली भरलेली बादली उचलून बघ. कडी मुठीत येते, हात कोपरातून सरळ होऊन ताणला जातो, उजवा खांदा खाली ओढला जातो, आणि बादली अजून जमिनीवरच असते. मग कंबर डावीकडे सरकते, अंगाचा भार डाव्या पायावर येतो, डावा हात तोल सावरायला बाहेर जातो, मान कलते. एवढं सगळं झाल्यावर बादली जमीन सोडते, आणि तीही सावकाश. म्हणून माझी पहिली करेक्शन ठरलेली असते: कडी पकडल्यावर आठ-दहा फ्रेम बादली हलू देऊ नकोस, तेवढ्या वेळात कंबर आणि खांद्याचं काम उरकून घे. पुढच्या फेरीत पाणी. माणूस थांबला तरी पाणी थांबत नाही, ते काठाला लागून परत फिरतं. त्याच्या पुढच्या फेरीत चेहरा. ओठ आवळले जातात ते उचलायच्या क्षणभर आधी, कारण वजन किती आहे याचा अंदाज माणसाने आधीच बांधलेला असतो. तीन-चार फेऱ्या झाल्या की तोच मुलगा त्याच लॅपटॉपवर असं काम करतो की बघताना आपल्याच खांद्याला भार जाणवतो.

यूट्यूबवर याचे उत्तम धडे आहेत, तेही जगातल्या मोठ्या स्टुडिओत काम केलेल्या लोकांचे. ते जरूर बघ. पण त्या व्हिडिओला तुझी बादली दिसत नाही. घरी एकट्याने शिकणारी मुलं अडकतात ती इथे. चिकाटी असते, हात चांगला असतो, पण एकच चूक चाळीस वेळा करून ती पक्की झालेली असते, आणि नंतर ती मोडायला नव्याने शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता क्लासचं. अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंग एकाच कोर्समध्ये ऐकायला भरगच्च वाटतं. स्टुडिओत मात्र ही वेगवेगळी कामं आहेत आणि ती वेगवेगळी माणसं करतात. थ्रीडीची वाट साधारण अशी जाते: स्टोरीबोर्ड (चित्रांत मांडलेली गोष्ट), त्याच चित्रांना वेळ लावून केलेलं अ‍ॅनिमॅटिक, लेआउट (कॅमेरा आणि पात्रांच्या जागा ठरवणं), मॉडेलिंग (पात्राचा आकार घडवणं), टेक्श्चर (त्याचा पृष्ठभाग रंगवणं), रिगिंग (पात्र हलवता यावं म्हणून आत सांगाडा बसवणं), अ‍ॅनिमेशन, मग कपडे-केस-धूर-पाणी बघणारं एफएक्स, लाइटिंग, रेंडर (कॉम्प्युटरकडून अंतिम चित्रं काढून घेणं) आणि शेवटी कॉम्पोझिटिंग (सगळे थर एकत्र जोडणं). व्हीएफएक्समध्ये प्रत्यक्ष शूट केलेलं फुटेज येतं, म्हणून तिथे रोटो, पेंट आणि मॅचमूव्ह हे आणखी विभाग असतात. रोटो म्हणजे नटाच्या कडेने फ्रेमगणिक आकार काढून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं करणं. पेंट म्हणजे वायर, डाग, नको असलेली माणसं पुसणं. मॅचमूव्ह म्हणजे शूटिंगच्या कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब उभी करणं. गेममध्ये पुन्हा तिसरंच जग, कारण तिथे सगळं त्या क्षणाला चालावं लागतं.

हे सगळं एकाच कोर्समध्ये शिकवायचं तर प्रत्येक विषयाच्या वाट्याला काही आठवडेच येतात. मुलं दहा सॉफ्टवेअरची तोंडओळख घेऊन बाहेर पडतात आणि एकाही विभागात घेण्याजोगा रील त्यांच्याकडे नसतो. मग शंभर टक्के प्लेसमेंट होते कशी? बऱ्याचदा ती रोटोत होते, कारण नवख्यांना मोठ्या संख्येने घेणारा तोच विभाग. रोटो हे कमी प्रतीचं काम मुळीच नाही. त्यातून वर जाऊन उत्तम कॉम्पोझिटर झालेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांची नजर घासून तयार झालेली असते. पण तुला पात्रं जिवंत करायची आहेत आणि तुझे कोर्सचे पैसे तुला दुसऱ्याच विभागात नेऊन सोडत असतील, तर हे फी भरायच्या आधी कळायला हवं.

तेव्हा त्या क्लासमध्ये जा, बाबांना सोबत घेऊन जा. भिंतीवर ज्यांचे फोटो लावलेत त्यांचे रील बघू नकोस. हुशार मुलं कुठेही शिकली तरी पुढे जातात. मागच्या बॅचमधल्या मधल्या फळीतल्या पाच-सहा मुलांचे रील दाखवा म्हण. शिकवणारे सर किंवा मॅडम स्टुडिओत कोणत्या विभागात होते, किती वर्षं होते आणि आता क्लासबाहेर स्टुडिओचं काम करतात का, ते विचार. एका बॅचला किती मुलं, आणि आठवड्यातून किती वेळा माझा शॉट माझ्यासमोर तपासला जाईल? या शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर तिथून निघ. प्लेसमेंट झालेल्या मुलांचा हुद्दा काय, विभाग कोणता आणि सहा महिन्यांनी त्यातली किती तिथेच होती, हेही विचारायला लाजू नकोस.

हप्त्यांबद्दल बाबांना एक गोष्ट नीट बघायला सांग. पुष्कळ ठिकाणी हप्ता म्हणजे क्लासने दिलेली सवलत नसते, फायनान्स कंपनीकडून पालकांच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. कोर्स मध्येच सोडला, शिक्षक बदलले, शाखा बंद झाली, तरी ईएमआय चालू राहतो. सही करण्याआधी कागद घरी आणून वाचा.

पदवीच्या बाबतीत मी बाबांच्या बाजूने आहे. स्टुडिओ रील बघून घेतो हे खरं, आणि मुलाखतीत मी कधी कुणाची गुणपत्रिका मागितलेली नाही. पण पुढे परदेशी काम करायचं झालं तर व्हिसासाठी बऱ्याचदा पदवी विचारली जाते, आणि उद्या शिकवावंसं वाटलं किंवा क्षेत्र बदलावंसं वाटलं तर ती हाताशी असलेली बरी. शिवाय सतराव्या वर्षी चार वर्षं चित्र काढायला, सिनेमे बघायला आणि बरोबरीच्या मुलांशी भांडायला मिळणं यासारखी दुसरी चैन नाही.

कॉमर्स आहे म्हणून काही अडत नाही. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेच्या मुलांना देता येते, आणि ती सलग दोन वर्षांतच देता येते, हे लक्षात ठेव. जानेवारीत असते, अर्ज त्याआधी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. त्यात कॉम्प्युटरवरचे प्रश्न असतात आणि हाताने चित्र काढायचा भागही असतो. पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं स्कूल १९६९ पासूनचं आहे. बी.डेस. या डिझाइनच्या पदवीला यूसीडने जाता येतं, आणि अ‍ॅनिमेशनमधलं एम.डेस. करायचं तर पदवीनंतर सीड ही वेगळी परीक्षा असते. आत्ता नाही जमलं तर चार वर्षांनी तो दरवाजा पुन्हा उघडा आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइन हा बी.डेस.चा स्वतंत्र विषय आहे, त्याची प्रवेश परीक्षाही वेगळी.

आणि जेजे. सीएसएमटीजवळची ती संस्था १८५७ पासून चित्रकार घडवतेय. तिथली उपयोजित कला म्हणजे अप्लाइड आर्ट अ‍ॅनिमेशनच्या अगदी शेजारचं शिक्षण आहे: रचना, अक्षर, रंग, गोष्ट सांगणं. राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या बीएफए या कलेच्या पदवीसाठी एमएएच-एएसी-सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. जेजेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथले प्रवेश कसे होणार ते त्या-त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेतच बघ, मागच्या वर्षीच्या सीनियरच्या सांगण्यावर राहू नकोस. इंटरमीजिएटला तू स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र केलंयस, तो हात आता उपयोगी येईल.

गीतांजली राव यांचं उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगते. त्या जेजेच्या अप्लाइड आर्टच्या. अ‍ॅनिमेशनची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करता करता त्या शिकल्या, आणि २००६ मध्ये त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा स्वतः रंगवलेला लघुपट कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये पोचला. पदवी चित्रकलेची आणि अ‍ॅनिमेशन जाणत्याच्या हाताखाली, हा रस्ता मुंबईत आधीपासून आहे.

राम मोहन हे नाव बाबांनाही सांग, कारण हा धंदा काल-परवाचा नाही. १९५६ मध्ये डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला आले आणि कार्टून फिल्म युनिट उभं राहिलं. तिथे तयार झालेल्या पहिल्या लोकांपैकी राम मोहन. बाबांनी लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला 'एक अनेक और एकता' फिल्म्स डिव्हिजनचाच, १९७४ चा. दिग्दर्शन विजया मुळे यांचं आणि अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. त्याच्याही कितीतरी आधी जेजेत शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक फ्रेमने हलवून छोटा चित्रपट केला होता, आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी-थोडी टिपली होती. एका जागी बसून एकेक फ्रेम पुढे सरकवण्याचा हा उद्योग आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे.

तेव्हा माझा सल्ला: यंदा यूसीड आणि सीईटी दोन्ही दे. जिथे जागा मिळेल तिथे मन लावून चार वर्षं कर. दोन्हीकडे हुकलं तर डोंबिवली-कल्याणकडेच सकाळच्या कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश घे, दुपार-संध्याकाळ मोकळी ठेव, आणि एकाच विभागाचा, लहान बॅचचा, कामावर असलेल्या माणसाने चालवलेला कोर्स कर. तो तीन विषयांच्या मोठ्या कोर्सपेक्षा स्वस्त पडतो आणि करेक्शन त्यात खरोखर मिळते.

त्याआधी, म्हणजे आजपासून, घरी पुष्कळ करता येतं. तुझ्या लॅपटॉपला आठ जीबी रॅम असेल तर सुरुवात अडणार नाही. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे आणि ते हौशी लोकांचं खेळणं नाही. २०२५ मध्ये सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा 'फ्लो' ब्लेंडरमध्ये केलेला आहे. टूडीसाठी क्रिटा आहे, ओपनटून्झ आहे. मोठ्या स्टुडिओत माया वापरतात, पण विद्यार्थ्यांना ती शैक्षणिक परवान्यावर विनामूल्य मिळते, आणि ब्लेंडर येत असलेल्याला माया शिकायला फार दिवस लागत नाहीत. ड्रॉइंग टॅब्लेट चार-पाच हजारांतला, स्क्रीन नसलेला छोटा घेतला तरी चालेल. भारी ग्राफिक कार्डचा हट्ट आत्ता धरू नकोस. अ‍ॅनिमेटरच्या रीलला रेंडर लागतच नाही. करड्या रंगाचं साधं पात्र, मागे काही नाही, स्क्रीनवरून थेट काढलेला व्हिडिओ, एवढं मला पुरतं. मी हालचाल बघत असते. लाइटिंगमध्ये जायचं ठरलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा मशीन लागेल, आणि ते लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग घेऊन जोडून घेतलेलं बरं पडतं.

क्रमाने जा. टप्पे घेत उडणारा चेंडू, मग जड चेंडू आणि हलका चेंडू शेजारी-शेजारी, मग लंबक, मग शेपटी असलेला चेंडू, मग चाल, मग वजन उचलणं, आणि सगळ्यात शेवटी संवाद. मुलांना पहिल्याच महिन्यात संवादाचा शॉट करायचा असतो. ओठ हलतात म्हणून तो करमणुकीचा वाटतो, पण खालचं अंग उभंच राहत नाही. चेंडूला कंटाळू नकोस. रबराचा आणि क्रिकेटचा चेंडू रंग न भरता ओळखू आला पाहिजे, नुसत्या टायमिंगवरून आणि दोन फ्रेममधल्या अंतरावरून.

आणि बघ. रोज बघ. लोकलने प्रवास करतेस ना, दाराजवळ उभ्या असलेल्या बायकांकडे लक्ष दे. गाडी दादरला शिरताना ब्रेक लागतो तेव्हा सगळ्या एकदम पुढे झुकत नाहीत. रोजच्या येणाऱ्यांचे पाय ब्रेकच्या आधीच थोडे फाकलेले असतात, नवख्या बाईचं डोकं मागे राहतं आणि मग झटक्यात पुढे येतं. खांद्यावरची पर्स माणूस स्थिर झाल्यावरही एक हेलकावा जास्त घेते, ओढणी त्याहून उशिरा थांबते. पुस्तकात याला फॉलो थ्रू आणि ओव्हरलॅप म्हणतात. एक छोटी वही ठेव आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची रेखाटनं कर, चेहरे नकोत, फक्त अंगाचा कल. राणीच्या बागेत जा, बुधवारी बंद असते. एखादं जड जनावर पाऊल ठेवतं तेव्हा खांदा कुठे जातो ते काढ. गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या चित्रशाळांत मूर्तिकारांचं काम बघायला मिळालं तर सोडू नकोस. मातीतून गुडघा आणि मनगट उभं करताना ते हाडाची जागा कशी शोधतात, ते थ्रीडी मॉडेलिंग करणाऱ्याने बघायलाच हवं. परवानगी विचार, कामाच्या मध्ये येऊ नकोस.

चुका दाखवणारी माणसं क्लासबाहेरही भेटतात. जागतिक अ‍ॅनिमेशन दिन २८ ऑक्टोबरला असतो, १८९२ मध्ये पॅरिसात एमिल रेनो यांनी केलेल्या पहिल्या जाहीर खेळाची ती तारीख. त्याच्या आसपास असिफा इंडिया ही अ‍ॅनिमेशनवाल्यांची संघटना कार्यक्रम करते, तिथे स्टुडिओतले लोक येतात. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, मिफ, दर दोन वर्षांनी होतो आणि त्यात माहितीपटांबरोबर अ‍ॅनिमेशनपट असतात. अशा ठिकाणी मोबाइलमध्ये तुझा एकच शॉट घेऊन जा आणि 'माझं काम बघाल का' असं न विचारता 'यातली कंबर मला जमत नाहीये, काय करू?' असं विचार. नेमक्या प्रश्नाला कामाची माणसं थांबून उत्तर देतात, मी स्वतः देते.

रीलचं थोडक्यात. एक मिनिटाच्या आत. तीन-चार शॉट, सगळ्यात चांगला पहिला. एकाच विभागाचं काम. सुरुवातीला आणि शेवटी नाव, विभाग, फोन. गटाने केलेलं काम असेल तर त्यात तुझं काय ते स्पष्ट लिही. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून लावलेलं या छोट्या क्षेत्रात हमखास ओळखलं जातं आणि ते नाव लक्षात राहतं. चौथा शॉट बेताचा असेल तर तीनच ठेव. मी रील बघते तेव्हा सगळ्यात कच्च्या शॉटवरून ठरवते, कारण कामाच्या गर्दीत हा मुलगा किमान किती देईल ते मला जाणून घ्यायचं असतं.

धंद्याची दुसरी बाजू बाबांपासून लपवू नये, म्हणून लिहिते. आपल्याकडचं पुष्कळसं काम परदेशातून येतं, त्यामुळे तिकडे खट्ट झालं की इथे बसणाऱ्यांची कामं जातात. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले तेव्हा मुंबईतल्या व्हीएफएक्सवाल्यांना त्याची झळ लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्सचा मोठा समूह कोसळला आणि त्याचं बंगळुरू-मुंबईतलं काम अचानक थांबलं. उत्तम काम करणारी माणसं एका दिवसात घरी बसली. त्यात आता एआय. रोटो, पेंट, इनबिटवीन (दोन मुख्य पोजमधल्या फ्रेम भरणं) अशा कामांचा मोठा भाग यंत्राकडे जातोय आणि जाणार. म्हणून तू निवड करताना अशा विभागाकडे वळावंस असं मला मनापासून वाटतं, जिथे निर्णय घ्यावा लागतो: पात्राने इथे थांबावं का, आधी बघावं की आधी वळावं, कॅमेरा कुणाच्या बाजूने असावा. अ‍ॅनिमेशन, स्टोरीबोर्ड, लेआउट ही ती कामं. यंत्राने केलेल्या शॉटलाही करेक्शन द्यावी लागते, आणि ज्याने स्वतः बादली उचलून पाहिली आहे त्यालाच ती देता येते.

पहिला पगार कमी असतो. मुंबईत भाड्याने राहून भागेल इतका नसतो. तुझं घर डोंबिवलीला आहे ही मोठी जमेची बाजू, फक्त स्टुडिओ बरेचसे अंधेरी, गोरेगाव, मालाडकडे आहेत. दादरला गाडी बदलून रोजचे दीड-दोन तास एका बाजूला धर. रुजू होताना विचार की डिलिव्हरीच्या दिवसांत रात्री थांबावं लागलं तर घरी सोडायला गाडी असते का. हे आधी विचारणाऱ्या मुलीला कुणी नाकारत नाही, आणि नाकारलंच तर ती जागा तुझ्यासाठी नव्हती. नोकरी द्यायला कुणी डिपॉझिट मागितलं तर पैसे देऊ नकोस. ट्रेनिंगचा बॉण्ड पुढे केला तर किती महिन्यांचा आणि मध्ये सोडलं तर किती रक्कम, हे कागदावर वाचून मगच सही. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं आणि पगारात थोडाच फरक असेल, तर जिथला लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, शॉट बसून समजावून सांगतो तिथे जा.

राहिलं इंग्रजी. बाहेरच्या कामाचे रिव्ह्यू इंग्रजीत होतात आणि नोट्सही इंग्रजीत येतात, तेव्हा ते लागेल. पण लागतं ते फार थोडं आणि ठरावीक असतं: पोज, आर्क, वेट, होल्ड, अमुक फ्रेमपासून तमुक फ्रेमपर्यंत. माझ्या टीममध्ये जळगावची, कोल्हापूरची, मालवणची मुलं आहेत. पहिले काही महिने ती रिव्ह्यूत गप्प असतात आणि सगळं वहीत उतरवून घेतात. कळलं नाही तर बाहेर आल्यावर मराठीत विचारतात, मीही मराठीत सांगते. सहा-आठ महिन्यांत तीच मुलं स्वतःचा शॉट इंग्रजीत समजावतात. आत्तापासून एक कर. इंग्रजी धडा बघशील तेव्हा सबटायटल लाव, आणि त्यातलं तुला कळलेलं तुझ्या शब्दांत मराठीत लिहून काढ, खाली दोन-तीन कामाचे इंग्रजी शब्द. मुलाखतीत अडलीस तर उठून उभी राहा आणि हालचाल करून दाखव. आम्ही सगळे दिवसभर तेच करतो.